टॅब आणि लॅपटॉप एकाच यंत्रात: आपल्या भागातल्या साध्या घरात हे चालेल का?

वंदना_शहापूर

धागा काढायचं कारण असं, की घरातला लॅपटॉप बदलायची वेळ बऱ्याच जणांवर एकदमच आली आहे. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. जुन्या मशीनवर ११ चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. नवीन बघायला दुकानात गेलं की हल्ली 'टू-इन-वन' समोर ठेवतात. हवा तेव्हा लॅपटॉप, हवा तेव्हा टॅब.

माझं काम सांगते. आठवी ते दहावीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना गणित-विज्ञान शिकवते आणि एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, सराव प्रश्नपत्रिका श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून देते. अर्धा दिवस हाताने लिहायचं, अर्धा दिवस कीबोर्ड बडवायचा. मला हे यंत्र उपयोगी पडेल यात शंका नाही. पण प्रश्न माझ्यापुरता नाही. आपल्या बेळगावातल्या वडगावचा विणकर, गणपत गल्लीतला दुकानदार, कॉलेजातली मुलगी, नोकरीतून निवृत्त झालेले काका, यांच्या घरात ते पोचेल का?

माझं मत आधीच मांडते, म्हणजे वाद नीट घालता येईल. या यंत्रांत दोन जाती आहेत. एका जातीत स्क्रीन कीबोर्डपासून सुटी होते आणि प्रोसेसर, बॅटरी सगळं स्क्रीनच्याच मागे असतं. दुसरीत बिजागरी ३६० अंशांत फिरते आणि कीबोर्ड पाठीमागे जातो. पहिली जात सामान्य घरात रुजणार नाही. दुसरी हळूहळू शिरेल. दुसरी आधी पुरता लॅपटॉप आहे, टॅब नंतर. पहिली आधी टॅब आहे, आणि टॅबचं काम आपल्याकडे मोबाइलने केव्हाच उचललंय.

पटत नसेल तर खोडून काढा.

खडेबाजार_रिपेअर

ताई, विषय चांगला घेतलात. मी रिपेअरिंगच्या टेबलावरून बोलतो.

सुट्या होणाऱ्या मशीनच्या खालच्या कडेला सोनेरी पिनांची एक रांग असते. कीबोर्डला करंट आणि सिग्नल तिथूनच जातो. घरात माग असलेल्यांचं मशीन आलं की त्या पिनांत धाग्याचा बारीक तूस बसलेला असतो, निपाणीकडचं आलं की तंबाखूची धूळ. गिऱ्हाईक म्हणतं, कीबोर्ड मेला. मऊ ब्रश आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पिना पुसल्या की पुष्कळदा तिथल्या तिथे चालू होतो. हे सोपं काम झालं.

बॅटरी फुगली की खरं अवघड होतं. साध्या लॅपटॉपच्या तळाचे स्क्रू काढले की बॅटरी हातात येते. सुट्या होणाऱ्यात बहुतेक वेळा आत जायचा रस्ता समोरून, काचेकडून असतो. काच गोंदाने चिकटवलेली. कडा हीट गनने तापवायच्या, पातळ प्लास्टिकची पट्टी आत सरकवून इंच-इंच गोंद कापत जायचं. कोपऱ्यात हात जरा जड पडला की डिस्प्ले गेला. मग डिस्प्लेची किंमत ऐकून गिऱ्हाईक मशीन तसंच उचलून घरी नेतं. रॅम तर बोर्डावरच सोल्डर केलेली, वाढवायचं नावच नको. मायक्रोसॉफ्टच्या अलीकडच्या सरफेस प्रोमध्ये एसएसडी बदलायला मागे छोटं झाकण दिलंय, ही चांगली सुधारणा आहे. पण बॅटरीचं दुखणं तसंच.

आपल्याकडे मशीन सात-आठ वर्षं चालवायचं म्हणूनच घेतात. थोरल्याचं धाकट्याला जातं. ज्याची बॅटरी बदलणं एवढं जोखमीचं, ते असं पुढे जात नाही. त्यामुळे ताईंच्या मताला माझा दुजोरा.

पुण्यातला_बेळगावकर

जरा मागचा इतिहास मांडतो, कारण तो विसरला की कल्पनाच वाईट होती असं वाटायला लागतं.

मायक्रोसॉफ्टने २००२ मध्येच विंडोज एक्सपीची टॅबलेट पीसी आवृत्ती आणली. कॉम्पॅकचा टीसी१००० तेव्हाच कीबोर्डपासून सुटा व्हायचा. महाग, जड, आणि विंडोज तेव्हा पूर्णपणे माऊससाठी बनलेलं. पेनाने त्या बारीक खुणांवर नेम धरायला लागायचा. २०१० मध्ये आयपॅड आला आणि लोकांना कळलं की बोटासाठी बनवलेली प्रणाली कशी असते. २०११ मध्ये आसुसने ट्रान्सफॉर्मर काढला: अँड्रॉइड टॅब, आणि त्याच्या कीबोर्डातच जादा बॅटरी. २०१२ मध्ये लेनोवोचा योगा, म्हणजे ताई म्हणतात ती दुसरी जात. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला विंडोज ८ बरोबर सरफेस आला.

पहिल्या सरफेसचं जे झालं तो खरा धडा आहे. त्यात इंटेलऐवजी मोबाइलमध्ये असतो तसला एआरएम प्रोसेसर आणि विंडोज आरटी होतं. दिसायला विंडोज, डेस्कटॉपही तोच, पण आपले नेहमीचे प्रोग्रॅम टाकायला गेलं तर चालायचेच नाहीत. बरोबर मिळायचं ते ऑफिस आणि स्टोअरमधली मोजकी अॅप. जुलै २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवला. शिवाय विंडोज ८ मधून स्टार्ट बटण काढल्यामुळे साधा लॅपटॉपवालाही वैतागला होता. इंटेलचा प्रोसेसर २०१३ च्या सरफेस प्रोमध्येच आला होता; २०१४ च्या सरफेस प्रो ३ पासून, म्हणजे बारा इंची स्क्रीन आणि हव्या त्या कोनात उभी राहणारी मागची टेकणी आल्यावर, गाडी रुळावर आली.

ॲपलचे टिम कुक यांनी २०१२ मध्ये अशा मिश्र यंत्रांची तुलना टोस्टर आणि फ्रीज जोडण्याशी केली होती. पुढे २०१५ मध्ये ॲपलनेच आयपॅड प्रोला कीबोर्ड आणि पेन दिलं, २०२० मध्ये ट्रॅकपॅडही चालू केलं. मागणी नसती तर ॲपल त्या वाटेला गेलं असतं का? म्हणून मी ताईंशी अर्धाच सहमत आहे. सुटी होणारी जातही मरणार नाही.

निपाणी_हिशेब

बघा की वो, इतिहास सगळा बरोबर हाय, पण आमच्याकडं व्यापाऱ्याचा प्रश्न एकच. टॅली चालतंय का? चालतंय तर मशीन, नाहीतर ते पोरांच्या खेळायचं.

मी चार-पाच दुकानांचे हिशेब बघतो. कुणाची कंपनी असली तर जीएसटी भरताना डिजिटल सहीचं टोकन यूएसबीत लावायचं. बिलाचा प्रिंटर लावायचा. टॅली विंडोजशिवाय सरळ चालत नाही, म्हणजे आयपॅड आणि अँड्रॉइडचा टॅब दोन्ही बाद. राहिलं विंडोजचं टू-इन-वन. त्याला एक नाहीतर दोन टाइप-सी पोर्ट, म्हणजे हब आलाच. आणि ज्याचं कुणी नाव काढत नाही ते मी काढतो: नंबर पॅड. दिवसभर आकडे मारणाऱ्याचा उजवा हात नंबर पॅडवर आंधळा चालतो. बारा-तेरा इंची मशीनवर त्याला जागाच न्हाई. वरच्या ओळीतले आकडे बघून मारायचे म्हटलं तर काम दुप्पट.

आता एआरएमवाली नवी विंडोज मशीन परत आली हायत, २०२४ पासनं स्नॅपड्रॅगन एक्सची. दुकानात गोडवा सांगतात, बॅटरी दिवसभर जाते म्हणून. ती जाते, खरं हाय. जुने प्रोग्रॅमही आता त्यावर भाषांतर होऊन चालतात. पण टोकनचा, डोंगलचा (प्रोग्रॅम उघडायला लावतात त्या यूएसबी किल्लीचा), जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर त्या प्रोसेसरसाठी वेगळा बनलेला असावा लागतो. नसला तर वस्तू टेबलावर बसून राहते. घ्यायच्या आधी विचारून घ्या म्हणून सांगतो.

वंदनाताई, तुमच्या श्रीलिपीला पण डोंगल हाय न्हवं?

वंदना_शहापूर

हो दादा, डोंगलच आहे. एआरएमचा मुद्दा माझ्या लक्षात आलाच नसता असं नाही, पण दुकानात कुणी स्वतःहून सांगितला नाही हे खरं. कन्नडची कामं करणाऱ्यांना नुडी हे कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर लागतं, तेही विंडोजवरचंच. आपल्या भागात माणूस सकाळी मराठी प्रश्नपत्रिका करतो आणि दुपारी कन्नड अर्ज, त्यामुळे विंडोज सोडून जाणं आपल्याला इतरांपेक्षा जास्त जड जातं.

मच्छे_इंजिनिअरिंग

ताई, मी तिसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्स. माझ्याकडे ३६० वाला आहे आणि तुमच्या मताच्या बाजूने मी पुरावा देऊ शकतो.

सर्किटची आकृती टाइप करता येत नाही. फुरिअरची गणितं टाइप करता येत नाहीत. वर्गात पेनाने लिहितो, घरी आल्यावर त्याच फाइलमध्ये सिम्युलेशनचे स्क्रीनशॉट चिकटवतो. वह्यांचं ओझं गेलं हे वेगळंच. कॅडसाठीही लॅपटॉप लागतोच. पूर्ण ऑटोकॅड आयपॅडवर चालत नाही.

आता सुटी होणारी जात कुठे अडते ते सांगतो. माझ्या रूममेटकडे ती आहे. तो आधी खानापूरहून बसने ये-जा करायचा. टेकणीवाल्या मशीनला मांडीवर खोली लागते: पुढे कीबोर्ड, मध्ये स्क्रीन, मागे टेकणी. बसच्या सीटवर गुडघ्यापर्यंत एवढी जागाच नसते, टेकणी गुडघ्यावरून घसरते आणि मशीन मागे पडतं. लॅपटॉपमध्ये वजन खाली कीबोर्डात असतं म्हणून तो बसतो. यात वजन सगळं वर. आमच्या कॉलेजच्या बाकांवरसुद्धा, ज्यांची फळी उतरती आहे, तीच गत.

एप्रिल-मे मध्ये आणखी एक गोष्ट होते. पंखा नसलेली पातळ मशीन तापली की स्वतःचा वेग कमी करतात. दुपारी सिम्युलेशन लावलं की ते रांगायला लागतं.

जांबोटी_शाळा

आता मी सगळ्यांच्या विरुद्ध बोलणार आहे.

मी जंगलातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. पावसाळ्यात वीज गेली की दुसऱ्या दिवशीही येईल असं नाही. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा विद्यागम योजनेत आम्ही देवळाच्या मंडपात, ओसरीवर मुलांना बसवून शिकवत होतो. मोबाइलची स्क्रीन आठ मुलांना दिसत नाही. लॅपटॉप हातात धरून फिरता येत नाही. तेव्हा मी सुटा होणारा घेतला, आणि तोच आजही वापरतो.

पाऊण-एक किलोची ती पाटी हातात धरून मुलांच्या मध्ये बसता येतं. एखाद्याला अक्षराचं वळण दाखवायचं तर स्क्रीन त्याच्या मांडीवर देतो, तो बोटाने गिरवतो, बाकीचे चारही बाजूंनी वाकून बघतात. पानाचा, किड्याचा फोटो तिथेच काढून मोठा करून दाखवतो. संध्याकाळी घरी कीबोर्ड लावून ऑनलाइन माहिती भरतो, आणि ती माहिती शिक्षकांना किती भरावी लागते हे इथल्या शिक्षकांना सांगायला नको. टाइप-सी चार्जिंग असल्यामुळे चांगल्या ताकदीच्या पॉवर बँकेवर तो चार्ज होतो. वीज नसलेल्या गावात ही गोष्ट बाकी सगळ्यापेक्षा मोठी आहे.

उलटा फिरवलेला दीड किलोचा लॅपटॉप मी असा तासभर धरू शकत नाही, आणि मागे बोटांना कीबोर्डाच्या कळा लागत राहतात. वंदनाताई, तुमच्या मांडणीत टेबल-खुर्ची गृहीत धरलेली आहे. ज्यांचं काम उभ्याने, फिरतीवर, जमिनीवर बसून चालतं त्यांचं काय?

टिळकवाडी_अनघा

सर, तुमचा प्रतिसाद फार आवडला. पण घराचा विचार करताना एक बाजू राहते आहे, ती बायकांना लगेच दिसते. घरात मशीन एक आणि माणसं चार.

सकाळी मुलीचा ऑनलाइन क्लास, दुपारी माझ्या ब्लाउज-डिझाइनच्या ऑर्डरी, रात्री यांचं ऑफिसचं काम. विंडोजवर प्रत्येकाचं वेगळं खातं करता येतं, ज्याचं त्याचं ज्याच्या त्याच्या पासवर्डात. आयपॅडवर घरगुती वापरासाठी अशी वेगळी खाती नाहीतच. म्हणजे माझ्या गिऱ्हाइकांचे फोटो आणि मुलीचा अभ्यास एकाच ठिकाणी. आयपॅड ही एका माणसाची वस्तू आहे आणि आपली घरं एका माणसाची नाहीत.

दुसरं, किंमत. जाहिरातीत लिहिलेली किंमत पुष्कळदा नुसत्या पाटीची असते. कीबोर्ड वेगळा, पेन वेगळं. सरफेस असो की आयपॅड, फोटोत मात्र दोन्ही लावून दाखवतात. कागदावर बेरीज मांडली तेव्हा त्या पैशांत चांगला लॅपटॉप आणि वर मुलीसाठी साधा अँड्रॉइड टॅब येत होता. हे जोवर एकाच खोक्यात, एकाच किमतीत मिळत नाही तोवर मध्यमवर्गीय घर याकडे वळणार नाही. मी असं ठामपणे म्हणते.

खडेबाजार_रिपेअर

अनघाताई, स्वस्तातली घ्यायची चूक मात्र कुणी करू नका. २०१४-१५ च्या सुमारास दहा इंची विंडोजची सुटी होणारी मशीन बाजारात पुष्कळ आली होती, वेगवेगळ्या नावांची. २ जीबी रॅम, ३२ जीबी ईएमएमसी, म्हणजे एसएसडीपेक्षा हळू चालणारं स्वस्त स्टोरेज. त्यातली निम्मी जागा विंडोजच खायचं. मोठं अपडेट आलं की ठेवायला जागाच नाही, अर्ध्यात अडकायचं. लोकांचा या प्रकारावरचा विश्वास तिथेच उडाला. आजही कुणी टू-इन-वन म्हटलं की गिऱ्हाईक मला विचारतं, "ते स्लो असतंय तेच का?"

आज घेताना ८ जीबीच्या खाली बघूच नका. जमलं तर १६, कारण पुढे वाढवता येणार नाही. आणि ईएमएमसी नको, एसएसडी हवी.

जांबोटीच्या सरांना: तुमचं मशीन रात्रंदिवस चार्जिंगला लावून ठेवू नका, आणि उन्हात गाडीच्या डिकीत तर अजिबात नको. बॅटरी फुगण्याची ती दोन मोठी कारणं. स्क्रीनची कड जरा जरी वर उचललेली दिसली तर त्याच दिवशी बंद करून आणून द्या, दाबून बसवू नका.

भालकी_देशमुखवाडा

बिदरकडून नमस्कार. आमच्या वडिलांसाठी ३६० वाला घेतला, त्यांचं वय ऐंशीच्या घरात. तंबूसारखा उभा केला की कीबोर्ड मागे लपतो, समोर नुसती मोठी स्क्रीन. रोजचा पेपर, कीर्तनं, नातवंडांशी बोलणं. त्यांना कीबोर्ड दिसला की घाबरायला होतं, तो नसला की सगळं बोटाने करतात. मोबाइलवर ते जीबोर्डमध्ये बोटाने मराठी लिहून निरोप पाठवतात. अक्षर अगदी जुन्या वळणाचं, तरी ओळखतं. तीच सोय या विंडोजवर तेवढी सहज नाही, ही उणीव जाणवते. बाकी समाधान आहे.

वंदना_शहापूर

जांबोटीच्या सरांचा मुद्दा मी मान खाली घालून वाचला, इतका तो कामातून आलेला आहे. सर, तुमच्यासारख्यांना सुटा होणाराच हवा: फिरता शिक्षक, आशाताई, मोजणीवाले, शेतात जाऊन फोटोसकट नोंद करणारे. पण बघा, ही सगळी कामं करणारी माणसं आहेत आणि पुष्कळांना ते यंत्र खरं तर खात्याने द्यायला हवं. स्वतःच्या खिशातून घर जे घेतं ते वेगळं. अनघाताईंनी सांगितलं तसं घराला चौघांत वाटता येणारं, रिपेअरवाल्या दादांनी सांगितलं तसं उघडता येणारं, आणि निपाणीच्या दादांचं टॅली चालवणारं लागतं. या तिन्ही गोष्टी ३६० मध्ये बसतात, कारण तो लॅपटॉपच आहे. त्यावर टच आणि पेन मिळतं ते वरचं. साध्या लॅपटॉपपेक्षा फार जादा पैसे न मोजता ते मिळालं तर घर घेईल, आणि मग मुलगी त्यावर लिहायला लागेल, आजोबा तंबू करून कीर्तन ऐकतील. कुणी "टू-इन-वन घेतलं" असं म्हणणार नाही, "लॅपटॉप घेतला" असंच म्हणतील. ते घरोघरी जाईल ते याच रस्त्याने, असं मला मनापासून वाटतं.

गणिताच्या शिक्षकांसाठी एक सांगते. मुलाला समीकरण सोडवताना पायरी चुकलेली दिसते तेव्हा ती जागा गोल करून बाजूला हाताने लिहून दाखवण्यात जे कळतं, ते टाइप केलेल्या उत्तरात कळत नाही. भूमितीत तर नाहीच. त्रिकोण काढायचा, लंब टाकायचा, मग तोच पुसून दुसरीकडून टाकायचा, हे मुलाच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं. आणि झालेलं पान जसंच्या तसं त्याला पाठवता येतं. आजारी पडून घरी राहिलेली मुलगी त्या पानांवरून मागे पडलेला भाग भरून काढते. मी पेनाचा आग्रह यासाठी धरते.

मच्छे_इंजिनिअरिंग

ताई, मग पेन दुकानातच तपासून घ्या. नुसती सही करून बघू नका. तळवा काचेवर टेकवून सावकाश एक तिरकी रेघ ओढा. स्वस्त पेनात ती रेघ लाटेसारखी हलते. मग भरभर 'क्षेत्रफळ' लिहा आणि वर शिरोरेखा द्या. रेघ हाताच्या मागे राहते का ते बघा. तळव्याचे ठिपके उमटले तर ते मशीन सोडून द्या. सगळ्या टचस्क्रीन पेन घेत नाहीत, काही नुसत्या बोटासाठी असतात, आणि एका कंपनीचं पेन दुसरीवर चालेलच असं नाही. पेन त्याच मशीनबरोबर चालतं हे बिलावर लिहून घ्या.

निपाणी_हिशेब

आणि डोंगल पिशवीत टाकून न्या ताई. दुकानात लावून श्रीलिपी उघडून एक ओळ टाइप करून प्रिंट काढायला लावा. काढून देत न्हाईत म्हणाले तर दुसरं दुकान बघायचं.

मी पुढच्या आठवड्यात एका गिऱ्हाइकासाठी १६ इंची ३६० बघायला बेळगावला येतोय. नंबर पॅडवाला मिळतोय का बघतो आणि टॅली, टोकन लावून कसं चालतंय ते इथंच लिहितो.

वंदना_शहापूर

नक्की लिहा. नंबर पॅडमुळे पेनाने लिहिताना हात कुठे टेकतो, तेही बघा दादा. आणि मॉडेल नंबर लिहून ठेवा, मी त्याच दुकानात जाईन.

जांबोटी_शाळा

त्याचं वजनही विचारून घ्या, आणि पॉवर बँकेवर चार्ज होतो का तेही.